बावीस वर्षं, ४६८ सामने: एलिशा स्कॉटचा हिशोब

एका वडिलांनी विचारलंय: लिव्हरपूलचा गोलकीपर एलिशा स्कॉट १९१२ ते १९३४ एकाच क्लबात राहिला, तरी त्याच्या नावावर सामने फक्त ४६८. बावीस वर्षांच्या मानाने हा आकडा कमी नाही का? त्या काळी गोलकीपरचं काम सोपं होतं म्हणून तो इतका टिकला का? आणि त्यांचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, दोन वर्षं संघात दुसरा गोलकीपर म्हणून बाकावर बसून आहे. त्याने क्लब बदलावा का?

मी कोल्हापुरात अठरा वर्षं गोलमध्ये उभा राहिलो आणि त्यानंतर गोलकीपरच घडवतोय. स्कॉट हा माझा जुना अभ्यासाचा विषय आहे. त्याचं उदाहरण तुम्ही नेमकं काढलंत, कारण तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्याच्या कारकिर्दीतल्या रिकाम्या जागांमध्ये आहे.

आधी आकड्याचं बघू. ४६८ सामन्यांपैकी ४३० लीगचे. १९१५ ते १९१९ पहिल्या महायुद्धामुळे इंग्लिश लीग बंद होती, म्हणजे चार मोसम तिथेच गेले. उरले अठरा. युद्धाआधी पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगच्या सर्वांत वरच्या गटात, २० क्लब होते आणि मोसमात ३८ सामने होत. युद्धानंतर २२ क्लब आणि ४२ सामने. तीन मोसम ३८ चे आणि पंधरा मोसम ४२ चे धरले तर लिव्हरपूलचे लीग सामने होतात ७४४. त्यातले ४३० स्कॉट खेळला. शंभरातले अठ्ठावन्न. म्हणजे दर दहा सामन्यांत चारदा गोलमध्ये दुसराच कोणी तरी उभा होता, आणि क्लबाच्या इतिहासातला सर्वांत दीर्घकाळ टिकलेला खेळाडू म्हणून आजही नाव याचंच घेतात. हा विरोधाभास नीट समजून घ्यायला हवा.

स्कॉट बेलफास्टचा, जन्म ऑगस्ट १८९३. त्याचा थोरला भाऊ बिली एव्हर्टनचा गोलकीपर होता, १९०६ साली एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकलेल्या संघातला. बिलीने धाकट्याचं नाव आधी आपल्याच क्लबाला सुचवलं होतं. एव्हर्टनला पोरगा फार कोवळा वाटला. मग तो त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबाकडे गेला आणि सप्टेंबर १९१२ मध्ये लिव्हरपूलने त्याला घेतलं. उंची म्हणाल तर पाच फूट नऊ-साडेनऊ इंच. आज आमच्याकडे निवड चाचणीला असा पोरगा आला तर निम्मे निवडकर्ते मान हलवतील.

पहिला सामना १ जानेवारी १९१३ ला, न्यूकॅसलच्या मैदानावर. निकाल ०-०. त्याचा खेळ पाहून न्यूकॅसलने त्याला विकत घेण्याची तयारी दाखवली. हजार पौंडांचा देकार दिल्याचं सांगतात. आणि स्कॉटला जायचं होतं. पहिला गोलकीपर केनी कॅम्पबेल होता, चांगला होता, तरुण होता, हलण्याचं चिन्ह नव्हतं. मॅनेजर टॉम वॉटसनने स्कॉटला थांबवलं: तुझी पाळी येईल म्हणाला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती, आठवड्याला चार पौंड, जुन्या खेळाडूंना फार तर पाच. क्लब बदलून पगार वाढत नसे. तेव्हा स्कॉट न्यूकॅसलला जायला निघाला तो पैशासाठी नव्हे, खेळायला मिळावं म्हणून. शिवाय खेळाडूची नोंदणी क्लबाच्या हातात असे; क्लबाने सोडलं नाही तर दुसरीकडे लीग खेळता येत नसे. म्हणून ‘बावीस वर्षांची निष्ठा’ असं कोणी सहज म्हणून गेलं की मला ते अर्धवट वाटतं. निष्ठा होतीच, पण दाराला बाहेरून कडीही होती.

१९१४ ला लिव्हरपूल पहिल्यांदाच एफए कपच्या अंतिम फेरीत पोचला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर राजा पंचम जॉर्जच्या समोर सामना झाला, बर्नलीने १-० ने जिंकला. गोलमध्ये कॅम्पबेल. स्कॉट नाही. त्यानंतर कधी कपची फायनल त्याच्या वाट्याला आली नाही, ना जिंकायला ना हरायला. मग युद्ध. १९२० मध्ये कॅम्पबेल स्कॉटलंडला पार्टिक थिसलकडे गेला तेव्हा कुठे गोल पूर्णपणे स्कॉटचा झाला. तो सव्वीस वर्षांचा होता. क्लबात येऊन साडेसात वर्षं झाली होती.

आणि मग जे झालं ते असं: १९२१-२२ मध्ये लिव्हरपूल लीग विजेता, ४२ सामन्यांत अंगावर ३६ गोल. १९२२-२३ मध्ये पुन्हा विजेता, आणि गोल फक्त ३१. पहिल्या वर्षी स्कॉट ३९ सामने खेळला, दुसऱ्या वर्षी सगळेच्या सगळे ४२. पुढे एफ्रेम लाँगवर्थ, डावीकडे कर्णधार डोनाल्ड मॅकिन्ले, मध्ये वॉल्टर वॉड्सवर्थ अशी भक्कम फळी होती, हे खरं. पण त्या फळीला हलवणारा आवाज मागून येत होता. स्कॉटचं तोंड मैदानावर अखंड चालू असे आणि भाषा अजिबात देवघरातली नव्हती, असं त्याच्यासोबत खेळलेल्यांनी सांगून ठेवलंय. मी माझ्या पोरांना पहिली गोष्ट हीच सांगतो. गोलकीपरला नव्वद मिनिटांत चेंडू हाताला लागतो दहा-पंधरा वेळा. उरलेला वेळ तो तोंडाने गोल अडवतो. बॅक, म्हणजे पुढचा बचावपटू, दोन पावलं डावीकडे सरकला तर फटका बसतच नाही, आणि न बसलेला फटका कोणी वहीत लिहीत नाही. दुसऱ्या विजेतेपदाच्या वर्षी मोसमाच्या मध्येच मॅनेजर बदलला. नवा आला मॅट मॅक्वीन, जो स्वतः या क्लबाकडून बचावात आणि गोलमध्येही खेळलेला होता. गोलमध्ये उभं राहिलेला माणूस मॅनेजर असला की गोलकीपरची झोप सुधारते, हे अनुभवाने सांगतो.

आता ‘काम सोपं होतं’ याबद्दल. हे मात्र मी मान्य करणार नाही.

चेंडूपासून सुरुवात करू. कातडी चेंडू, आत रबरी ब्लॅडर, तोंडाला वादीने शिवण. सामना सुरू होताना वजन तेरा ते पंधरा औंस. पावसात कातडं पाणी पीत जाई आणि उत्तरार्धात तो किती जड झाला हे कोणी मोजत नसे. मी स्वतः ऐंशीच्या दशकात पावसाळ्यात गांधी मैदानावर शिलाईच्या कातडी चेंडूने सराव केलाय. तो ओला चेंडू छातीवर घेतला की बरगडीत धप्प असा आवाज होतो आणि श्वास अर्धा क्षण अडकतो. बोटांच्या टोकांनी वळवायला गेलात तर चेंडू वळत नाही, बोट वळतं. आज फोमचे हातमोजे घालून पोरं एका हाताने चेंडू बाहेर ढकलतात ते पाहायला छान वाटतं. स्कॉट उघड्या हातांनी खेळत असे. आणि ती शिवण! वादीची गाठ हाताच्या कोणत्या भागावर आदळेल ते नशिबावर.

मग उपाय काय? शरीर चेंडूच्या मागे नेणं. नुसते हात पुढे गेले तर चेंडू हात मोडून आत जाणार. छाती आणि हात एका रेषेत आले तर पकड बसते. त्यासाठी फटका बसण्याआधी पाय हललेले हवेत. स्कॉटचं नाव झेपेसाठी झालं, पण त्याचं पोट भरलं पायांनी. तो सामन्याच्या कितीतरी आधी येत असे, आत मोज्यांचे दोन-तीन जोड, अंगात दोन स्वेटर, गुडघ्याला पट्ट्या असा जामानिमा करत असे आणि मग तास-तासभर चेंडू भिंतीवर मारत बसे, असं सांगतात.

भिंतीचा हा सराव मी आजही घेतो, तेव्हा तो कसा चालतो ते जरा सांगतो. भिंतीपासून चार पावलांवर उभं राहायचं. चेंडू खांद्याच्या उंचीवर फेकायचा, परत येताना दोन्ही अंगठे जवळ, बोटं पसरलेली, तळवे चेंडूच्या मागे. आवाज ऐकायचा. ‘पट्’ असा आवाज आला तर चेंडू तळव्यावर आदळला, पकड कच्ची. आवाज जवळजवळ आलाच नाही तर बोटांनी चेंडू झेलला, पकड पक्की. शंभर झाले की एक पाऊल पुढे. पुढे जात जात दोन पावलांवर आलात की विचार करायला वेळ उरत नाही, हात आपोआप जातात. मग ओला चेंडू घ्यायचा आणि पुन्हा चार पावलांपासून सुरू. तासाभराने खांदे भरून येतात, पण मैदानावर उतरताना हातांना चेंडूचं वजन आणि त्या दिवसाचा ओलावा माहीत झालेला असतो. ज्याच्याकडे हातमोजे नाहीत त्याच्यासाठी हीच तयारी.

नियम बघा. हातात चेंडू असलेल्या गोलकीपरला खांद्याने धक्का देणं पूर्णपणे कायदेशीर होतं. चेंडूसकट जाळीत ढकललं तरी गोल. म्हणून चेंडू पकडला की तो लगेच सोडायचा, आणि हातात घेऊन चालायची परवानगी किती? १९३१ पर्यंत दोन पावलं. त्यानंतर चार. बदली खेळाडू नाही. इंग्लिश लीगमध्ये ती सोय १९६५ ला आली. म्हणजे बोट मोडलं तरी उभं राहायचं. नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी गोलमध्ये उभं करून संघाने दहा जणांत खेळायचं.

आणि जीवही जात होते. ५ सप्टेंबर १९३१ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर सेल्टिकचा जॉन थॉमसन समोरच्या आघाडीपटूच्या पायांत झेपावला, गुडघा डोक्याला लागला, कवटी फुटली आणि त्याच रात्री तो गेला. वय बावीस. फेब्रुवारी १९३६ मध्ये संडरलँडच्या जिमी थॉर्पला चेंडू छातीशी धरलेला असताना लाथा बसल्या. सामना त्याने पूर्ण केला आणि चार दिवसांनी दवाखान्यात मृत्यू पावला. तोही बावीस वर्षांचाच, त्यात मधुमेही. त्यानंतर नियम झाला की गोलकीपरच्या हातात चेंडू असताना त्याच्यावर पाय उगारायचा नाही. आज तुमचा मुलगा चेंडू पोटाशी घेऊन जमिनीवर पडतो आणि समोरचा उडी मारून बाजूला होतो, त्यामागे ही दोन पोरं आहेत. मी दरवर्षी नव्या मुलांना त्यांची नावं सांगतो.

याच काळात ऑफसाइडचा नियम बदलला. १९२५ पर्यंत आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीन विरोधी खेळाडू लागत, नाहीतर ऑफसाइड देऊन खेळ थांबवत. न्यूकॅसलचा बॅक बिली मॅक्रॅकन, हाही बेलफास्टचाच, इतक्या हुशारीने पुढे सरकून सापळा लावी की खेळ सारखा थांबे, आणि लोक वैतागले. तीनाचे दोन केले. परिणाम? पहिल्या डिव्हिजनमध्ये १९२४-२५ ला ४६२ सामन्यांत ११९२ गोल झाले होते. पुढच्याच मोसमात, तितक्याच सामन्यांत, १७०३. गोलकीपर तेच, मैदानं तीच.

बत्तिशीतल्या गोलकीपरसाठी हा केवढा धक्का असेल याचा विचार करा. पंधरा वर्षं ज्या अंदाजावर उभं राहायला शिकलात तो एका उन्हाळ्यात रद्द. आता बॅकच्या मागे मोकळी जागा, त्यात एकटा पळत येणारा आघाडीपटू, आणि बाहेर पडायचं की थांबायचं हे ठरवायला एक श्वास. त्या मोकळ्या जागेचं सोनं करणारा माणूस त्याच शहरात राहत होता: एव्हर्टनचा डिक्सी डीन, ज्याने १९२७-२८ च्या एका लीग मोसमात ६० गोल केले. डीन आणि स्कॉट यांची जोडी लिव्हरपूल शहराची लोककथाच झाली. रस्त्यात दोघं समोरासमोर आले, डीनने सहज मान लववली, आणि स्कॉटने हेडर, म्हणजे डोक्याने मारलेला चेंडू, समजून तिथेच झेप घेतली, ही कथा तिथे प्रत्येक पिढी सांगते. ती घडली असं मी म्हणत नाही. पण गोलकीपर म्हणून मला ती आवडते, कारण हेडर अडवायचा तर चेंडूकडे नाही, मानेकडे बघावं लागतं, आणि ही कथा रचणाऱ्याला ते ठाऊक होतं.

नियम बदलला त्याच सुमारास क्लबाने दक्षिण आफ्रिकेतून आर्थर रायली नावाचा उंच, तरुण गोलकीपर आणला. इथून स्कॉटची दुसरी प्रतीक्षा सुरू होते, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षा कठीण. विशीत बाकावर बसताना पुढे आयुष्य दिसतं. दोन विजेतेपदं जिंकून, गर्दीने नाव घेऊन ओरडल्यावर पस्तिशीत बाकावर बसायचं हे वेगळंच. ॲनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानावर गोलमागचा उभ्या प्रेक्षकांचा उतार, ज्याला कॉप म्हणतात, १९२८ ला वाढवून त्यावर छप्पर घातलं, तीसेक हजार माणूस तिथे उभा राही आणि ‘लिशा, लिशा’ असा घोष होई. तो घोष रिझर्व्ह, म्हणजे क्लबाच्या दुसऱ्या, संघाच्या सामन्याला नसतो. स्कॉट रायलीच्या मागे गेला, परत आला, पुन्हा मागे गेला, पुन्हा परत आला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला संघ मोसमाला ऐंशी-नव्वद गोल खात होता आणि गोलमध्ये पुन्हा स्कॉटच दिसत होता, चाळिशीला टेकलेला.

आंतरराष्ट्रीय सामने ३१, हेही लोकांना कमी वाटतात. स्पेनच्या रिकार्डो झामोराचे ४६, चेकोस्लोव्हाकियाच्या फ्रांतिशेक प्लानिचकाचे ७३. पण आयर्लंडचा संघ इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स एवढ्यांशीच खेळे, वर्षाला तीन सामने. ब्रिटनमधल्या संघटना १९२८ ला फिफातून बाहेर पडल्या होत्या, म्हणून १९३०, १९३४, १९३८ या तिन्ही विश्वचषकांत हे देश नाहीत. प्लानिचका १९३४ च्या फायनलमध्ये कर्णधार होता, १९३८ ला बोर्दोमध्ये ब्राझीलविरुद्ध हात मोडूनही शेवटपर्यंत उभा राहिला. स्कॉटला ते व्यासपीठच मिळालं नाही. त्याने पहिला सामना १९२० ला खेळला आणि शेवटचा मार्च १९३६ ला वेल्सविरुद्ध, वय बेचाळीस. तीन सामन्यांच्या वर्षात एखादी दुखापत झाली किंवा क्लबाने त्या दिवशी सोडलं नाही तर तो सामना गेलाच.

१९३४ मध्ये एव्हर्टनने त्याच्यासाठी २५० पौंड देऊ केले. ज्या क्लबाने पोरगा कोवळा म्हणून परत पाठवला होता, तोच. बातमी फुटली आणि स्थानिक वर्तमानपत्रांत लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या संतापलेल्या पत्रांचा पूर आला. तो व्यवहार झाला नाही. स्कॉट बेलफास्ट सेल्टिकला खेळाडू-मॅनेजर म्हणून गेला. लिव्हरपूलकडून शेवटचा सामना तो फेब्रुवारीत खेळून झाला होता; मोसमाच्या शेवटच्या घरच्या सामन्याला त्याने ॲनफिल्डच्या गर्दीपुढे उभं राहून निरोपाचे चार शब्द बोलले.

बेलफास्टमध्येही त्याने नाव काढलं: १९३५-३६ पासून ओळीने पाच आयरिश लीग विजेतेपदं. स्वतः प्रोटेस्टंट, आणि क्लब कॅथलिक वस्तीचा लाडका. या दोन पंथांत दुभंगलेल्या त्या शहरात ही छोटी गोष्ट नव्हे. डिसेंबर १९४८ मध्ये प्रोटेस्टंटांच्या लाडक्या लिनफील्डविरुद्धच्या सामन्यानंतर जमाव मैदानात घुसला, बेलफास्ट सेल्टिकच्या जिमी जोन्सचा पाय मोडला, आणि १९४९ ला क्लबाने लीगच सोडली. त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर या संघाने स्कॉटलंडला २-० ने हरवलं. स्कॉट १९५९ ला बेलफास्टमध्येच वारला.

आता तुमच्या मुलाकडे येतो. थांबावं की जावं हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तीन गोष्टी तपासा. पहिली, त्याला सामने मिळतात का? स्कॉट थांबला तेव्हा रिझर्व्ह संघात खेळत होता, नुसता बाकावर नव्हता. एकोणिसाव्या वर्षी दोन मोसम एकही सामना नाही, ही प्रतीक्षा नव्हे, तो वेळ वाया जातोय. तसं असेल तर लहान क्लब बघा, खालच्या गटात का होईना, पण गोलमध्ये उभा राहू द्या. दुसरी, त्याच्याशी कोणी स्पष्ट बोललंय का? वॉटसनने स्कॉटला समोर बसवून सांगितलं होतं. तुमच्या मुलाच्या प्रशिक्षकाने गेल्या सहा महिन्यांत त्याच्याशी एकदाही तसं बोलणं केलं नसेल, तर मुलानेच जाऊन विचारावं. वडिलांनी नाही. तिसरी, पहिल्या गोलकीपरशी त्याचं कसं जमतं? सामन्याआधी त्याला फटके मारून देतो का, की तोंड फिरवून बसतो? मी स्वतः तीन वर्षं दुसरा होतो, आणि ज्याच्या जागेसाठी झुरत होतो त्याच्याकडूनच क्रॉसला, म्हणजे बाजूने गोलसमोर येणाऱ्या चेंडूला, कधी बाहेर पडायचं ते शिकलो. त्याची जागा मला मिळाली ती त्याचं मनगट मोडलं त्या दिवशी, आणि पट्टी बांधलेल्या हाताने तोच गोलच्या मागे उभा राहून मला ओरडून सांगत होता.

हे झालं की त्याला भिंतीपाशी पाठवा. हातमोजे घरी ठेवून. पहिल्या आठवड्यात चार पावलांवरून शंभर, आणि चेंडू बादलीत बुडवून काढलेला.